शिंग की हांग: सहा रेघांच्या एका अक्षरापायी

सगळं सुरू झालं ते बँक सापडेना तिथून.

२०२३ च्या सप्टेंबरात मी चीनला आलो, शाओशिंग शहरातल्या खछ्याओ भागात. कापड लाइनमधल्या लोकांना हे नाव वेगळं सांगायला लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो, इथे कापडाचा एवढा मोठा होलसेल बाजार आहे की एका बिल्डिंगमधली दुकानं बघून होईपर्यंत पाय भरून येतात, आणि आपल्याकडची व्यापारी मंडळी इतकी की जेवणाची आबाळ होत नाही. मी मूळचा इचलकरंजीचा, घरचे चार यंत्रमाग, त्या खडखडाटातच मोठा झालो. मुंबईच्या एका एक्सपोर्टरने मला इथे माल तपासायला ठेवलं. रोल उघडायचा, शेड जुळवायची, गोल कटरने तुकडा काढून जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम ते) बघायचा, भोकं आणि डाग मोजायचे. ह्या कामाला चिनी फारशी लागत नाही, कॅल्क्युलेटर आणि मोबाइलवरचं भाषांतर एवढ्यावर धंदा होतो. पण राहायचं म्हटलं की लागते.

तर पगारासाठी खातं उघडायचं होतं. तोपर्यंत अ‍ॅपवर मी पन्नास-साठ अक्षरं गिरवली होती आणि त्यातलं एक मला लांबून पण ओळखू यायचं, कारण दिसायला सोपं. डावीकडे दोन तिरक्या रेघा आणि त्याखाली एक उभी, उजवीकडे दोन आडव्या आणि त्याखाली टोकाला हुक असलेली एक उभी, झालं, एकूण सहा रेघा. उच्चार अ‍ॅपने सांगितला 'शिंग', आवाज खालून वर न्यायचा, आपण 'होऽ?' असं विचारतो ना तसा. अर्थ: ठीक आहे. सायकलला 'त्झ-शिंग-छ' म्हणतात त्यात पण तेच अक्षर, आपली आपण चालणारी गाडी. म्हटलं हे आलं आपल्याला.

बँकेच्या बोर्डावर दोन अक्षरं असतात, पहिलं 'यिन', म्हणजे चांदी, आणि दुसरं हे माझं ओळखीचं. दोन आणि दोन चार. बिल्डिंगच्या गेटवरच्या वॉचमन काकांना मी जाऊन अगदी कॉन्फिडन्सने विचारलं, 'यिन-शिंग कुठंय?' नोव्हेंबर महिना. काकांचा चेहरा एकदम खुलला, हाताला धरून त्यांनी मला कोपऱ्यापर्यंत नेलं आणि समोरचा रस्ता दाखवला. दोन्ही बाजूंना पिवळीधमक झाडं, खाली पानांचा सडा, आणि पोरीबाळी फोटो काढतायत. यिनशिंग म्हणजे गिंकोचं झाड. त्यातला 'शिंग' वेगळा, अक्षर वेगळं, सूर वरून खाली पडणारा, पण परदेशी माणसाचा सूर कोण एवढा मनावर घेतो, त्यांना वाटलं ह्याला पण फोटो काढायचेत. मी पण काढले, करणार काय. बँक त्या झाडांच्या पलीकडेच होती, तिथे फॉर्मवरचे नावाचे चौकोन संपले तरी माझं पासपोर्टवरचं नाव संपेना तो वेगळा तमाशा. त्या दिवसापासून काका मला 'यिनशिंग'च म्हणतात.

बँक म्हणजे 'यिन-हांग'. अक्षर तेच, सहाच्या सहा रेघा त्याच, उच्चार हांग. सूर मात्र दोन्हीकडे तोच, वर जाणारा.

मला खरंच राग आला होता. म्हणजे हजारो अक्षरं पाठ करायची ती करायची आणि वर एकेकाचे दोन-दोन उच्चार? कुठे कुठला हे कसं कळायचं? ह्याच रागात मी शिकवणी लावली. माझ्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका राहतात, बाजारातल्या परदेशी लोकांना चिनी शिकवतात, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी. त्यांना सगळे 'लाओशी' म्हणतात, म्हणजे बाई. त्या मला 'शियाओ पा' म्हणायच्या, आडनावातलं पहिलं अक्षर आणि पुढे 'छोटा', इथे वयाने लहान माणसाला असंच हाक मारतात. पहिल्याच दिवशी मी ते अक्षर कागदावर काढून विचारलं, लाओशी, ह्याचा उच्चार काय? त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, 'कुठल्या शब्दात?' मी म्हटलं शब्दात नाही, नुसतं. त्या म्हणाल्या, 'शब्द सांग, मग सांगते.' पुढे सात महिने हे एकच वाक्य मी ऐकलं.

पण समजावलं भारी त्यांनी. लाल पेनाने एक चित्र काढलं, दोन उभ्या समांतर रेघा, दोन आडव्या, मधे मोकळं, चारी बाजूंना फाटे फुटलेले. मला आधी सारीपाटाचा पटच वाटला. तीन हजार वर्षांपूर्वी कासवाच्या कवचांवर आणि हाडांवर हे अक्षर असं कोरायचे, चौक आहे तो, चार रस्ते मिळतात तो. लिहिता लिहिता चौक मधून चिरला गेला आणि दोन अर्धी राहिली. मग त्यांनी दोन्ही अर्ध्यांच्या मधे आणखी एक अक्षर घुसवून दाखवलं, तर झाला 'च्ये', रस्ता. म्हणजे मी रोज ज्या पाटीखालून जायचो तिच्यात चौक पोटात काहीतरी घेऊन उभा होता आणि मला दिसला नव्हता.

आता चौकात माणूस काय करतो? एक तर चालतो. शिंग म्हणजे चालणं, जाणं, मग करणं, आणि मग 'ठीक आहे'. इथे मी त्यांना थांबवलं, कारण मला हसायला यायला लागलं. भाव करताना इथे रोज विचारतात 'शिंग बू शिंग?', आणि आपण काय विचारतो? चालेल का नाही चालणार! चालण्याचा आणि होकाराचा काय संबंध हे मला कुणी पटवून द्यायची गरजच नव्हती, आपल्याकडे चहापण चालतो, उधारीपण चालते, जावईपण चालतो. सोबतच्या एका युरोपियन पोराला हा भाग तीन वेळा समजावायला लागला, मी अर्ध्या मिनिटात मोकळा.

दुसरा अर्थ रस्त्याच्या कडेचा. रस्त्यालगत दुकानं लागतात, ओळीने. हांग म्हणजे रांग (यमक जुळतंय, लक्षात ठेवायला आयतं). तांग राजवटीत राजधानी छांगआनच्या बाजारात एकेका मालाच्या दुकानांची रांग वेगळी असायची, त्या रांगेला हांग, त्यावरून त्या धंद्याला पण हांग, आणि पुढे मोठ्या पेढीला पण हांग. चांदीची पेढी ती बँक. लाओशी हे सांगत होत्या आणि माझ्या डोक्यात पुण्यातली तांबट आळी, बोहरी आळी, बुरूड आळी. आळी म्हणजे तरी काय, रांगच की. आणि धंद्याला आपण काय म्हणतो, लाइन! 'पोरगा कुठल्या लाइनला आहे?' 'कापड लाइनला.' मी स्वतः आयुष्यभर हे बोलत आलो आणि चिनी लोक एकाच अक्षरात रांग आणि धंदा कसे कोंबतात म्हणून डोकं धरून बसलो होतो.

वहीत मग दोनच रकाने केले, वर लिहिलं 'चाल' आणि 'आळी'. प्रवास, सामान, पादचारी, फॅशनमधे असणं, हे चालीखाली, सगळ्यात कुठे ना कुठे हलणं-फिरणं आहे. बँक, धंदा, बाजारभाव, जाणकार, अडाणी, हे आळीखाली. जाणकाराला म्हणतात 'आतल्या हांगचा' आणि अडाण्याला 'बाहेरच्या हांगचा', म्हणजे आपल्या लाइनीतला नाही तो. ऐकायला किती सोपं. प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो.

डिसेंबरात एकदा आमच्या गोडाउनमधून अकाउंटच्या मुलीचा फोन, घाईत होती, 'ती सान हांग बघ, ती सान हांग चुकलीय'. 'ती सान' म्हणजे तिसरा हे मला येत होतं. हांग म्हणजे बँक हे डोक्यात पक्कं बसलेलं. मी म्हटलं आयला, तिसरी बँक कुठली? आमच्या मालकांची दोनच खाती! पंधरा मिनिटं मी मालकांना मुंबईला फोन करून विचारतोय की तुमचं इथे तिसरं खातं आहे का, ते तिकडे टेन्शनमधे. ती बिचारी पॅकिंग लिस्टच्या एक्सेलमधली तिसरी ओळ म्हणत होती. शीटमधल्या आडव्या ओळीला पण हांगच. मालकांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

पण खरा दणका 'थोंग'ने दिला. 'थोंग' म्हणजे सोबत, तोच, एकच. त्याच्यापुढे आपलं अक्षर लावलं की दोन शब्द होतात आणि कागदावर दोन्ही डिट्टो सारखे. थोंग-शिंग म्हणजे एकत्र प्रवास करणारे. थोंग-हांग म्हणजे एकाच धंद्यातले. तर झालं असं, सुरतेचा एक व्यापारी, आमच्या बिल्डिंगजवळच्या हॉटेलात उतरलेला, सकाळी टॅक्सी शेअर करून आम्ही बाजारात आलो आणि एकाच दुकानात शिरलो. दुकानाची मालकीण ओळखीची, मी तिला ताई म्हणतो, इथे पण 'च्ये' म्हणजे ताईच. ती बोलते त्या लोकल बोलीत मला ओ का ठो कळत नाही म्हणून आम्ही समोरासमोर बसून पण वीचॅटवर (इथलं व्हॉट्सअ‍ॅप समजा) लिहून बोलतो. तिने लिहिलं, तुम्ही दोघं 'थोंग-अमुक' का? मी वाचलं थोंग-शिंग. बरोबर आलो होतोच, म्हणून लिहिलं, हो हो. झालं. ताईने टेबलावरची रेटची वही उचलून ड्रॉवरमधे टाकली, जे सँपल हँगर माझ्यासाठी काढून ठेवलेले ते मागच्या खोलीत गेले, आणि समोर आला नुसता चहा. तासभर. त्या सुरतवाल्यालाही कळेना काय झालं. तो कंटाळून गेल्यावर ताईने हळूच वही परत काढली आणि म्हणाली, बरं केलंस सांगितलंस. तिच्याकडे म्हणच आहे, 'थोंगहांग श युआनच्या', एकाच धंद्यातले ते वैरी. मी तिला स्पर्धक समोर बसलाय अशी टीप दिली होती, आणि मला वाटत होतं मी टॅक्सीबद्दल बोलतोय. रेट मात्र त्या दिवशी मीटरमागे दोन माओ (दहा माओचा एक युआन) कमी लागला, खोटं कशाला बोलू.

ही गोष्ट लाओशींना सांगितली तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग एक वाक्य लिहून दिलं, चिनी पोरांनाही हे घालतात म्हणे. त्यात एके ठिकाणी हेच अक्षर सलग पाच वेळा येतं, मधे स्वल्पविराम पण न देता त्यांनी लिहिलं. मी पंधरा मिनिटं झगडलो. वाचायचं असं: 'ई हांग शिंग, हांग हांग शिंग'. एक लाइन जमली की सगळ्या लाइनी जमतात. म्हणजे माणूस चालणारा असला की तो कुठल्याही आळीत चालतो. आमच्या रूममेटने (कोल्हापूरचा, मशिनरीवाला) हे ऐकून त्याला चाल लावली आणि आठवडाभर बाथरूममधून तेच.

मार्चमधे कामासाठी ग्वांगचौला जावं लागलं. तिथे रेडिमेड कपड्यांचा होलसेल बाजार आहे, शि-सान-हांग, म्हणजे तेरा हांग, तेरा पेढ्या. सकाळी लवकर गेलं नाही तर हाती काही लागत नाही, आणि गोण्या वाहणाऱ्या ढकलगाड्या पायावरून जातात. नाव जुन्या काळचं. १७५७ ते १८४२ ह्या काळात युरोपियनांना चीनमधे फक्त इथेच व्यापाराची परवानगी होती आणि तोही ठरवून दिलेल्या पेढ्यांमार्फत. मुंबईचे पारशी ह्याच बंदरात यायचे, सर जमशेटजी जिजीभॉय पण, कापूस आणि अफू, मुंबईतलं कितीतरी दानधर्माचं दगडी बांधकाम त्या पैशाचं. तिथल्या माणसाशी बोलताना मी 'हांग' म्हटलं तर तो त्याच्या कँटोनीजमधे, म्हणजे तिकडच्या बोलीत, म्हणाला 'हॉंग'. आणि जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्या व्यापाऱ्यांना हॉंग मर्चंट म्हणायचे ते ह्यावरूनच. म्हणजे माझे दोन उच्चार कुठे जरा ताब्यात येतायत तर दुसऱ्या गावात तिसराच.

आणि एक सांगायचं राहिलं. हांगचौला लिंगयिन म्हणून मंदिर आहे, इसवी सन ३२८ मधे भारतातून आलेल्या ह्वेली नावाच्या भिक्खूने स्थापन केलं असं मानतात. आमच्या घरी लहानपणापासून बुद्ध वंदना, त्यामुळे एका रविवारी मुद्दाम गेलो. बाहेर एका दुकानात पंख्यावर प्रज्ञापारमिता हृदय सूत्र छापलेलं, मला वाचता येत नव्हतंच पण पहिल्याच ओळीत सहा रेघांचा आपला मित्र. थोडं पुढे परत. पंखा घेतला आणि लाओशींकडे. पहिल्या ओळीतला तो 'चर्या'च्या जागी, म्हणजे परत चालणंच, चरणं-आचरण आपल्याकडे जसं. दुसरा पाच स्कंधांमधला. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे मला पाठ होतं, लाओशींनी बोट ठेवत चिनीत म्हटलं, 'स, शौ, श्यांग, शिंग, श', आणि मी मराठीतून एकेक जुळवत गेलो. संस्कार म्हणजे शिंग. हे भाषांतर ह्युएन त्संगचं, जो सातव्या शतकात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. त्या संध्याकाळी शिकवणी दोन तास जास्त चालली, लाओशींनी पैसे घेतले नाहीत. डिक्शनरीत ह्या अक्षराचे एकूण चार उच्चार आहेत हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. बाकीचे दोन क्वचित लागतात, एक झाडांच्या रांगेसाठी आणि एक साधूने कमावलेल्या तपोबलासाठी. मी हात जोडले.

त्यानंतर काही दिवसांनी गंमत झाली. लाओशी म्हणाल्या, मला तुझी लिपी दाखव. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, आमच्यात तुमच्यासारखी भानगड नाही, एक अक्षर एक उच्चार, बघा, आणि समोर आठवेल ते लिहिलं, 'जग'. म्हटलं हे जग, सगळी दुनिया. त्यांनी म्हणून बघितलं. मग मी अजून एक वाक्य लिहिलं, 'शंभर वर्षं जग', आणि वाचून दाखवलं. त्यांचे कान शिक्षकाचे. म्हणाल्या, थांब, आत्ता वेगळं बोललास. मी म्हटलं नाही. परत म्हण. मी परत म्हटलं आणि माझाच मला धक्का बसला. एक ज 'जय'मधला, दुसरा 'जमलं'मधला! अक्षर तेच. पस्तीस वर्षांत एकदाही कधी अडखळलो नाही की कुणी शिकवल्याचं आठवत नाही. भेळेच्या गाडीवरची चाट आणि 'बोटं चाट' मधली चाट. चार आणि चारा. लाओशींनी 'जग'वर लाल गोल केला आणि विचारलं, मग ह्याचा उच्चार काय? आता मी काय बोलणार. म्हटलं, वाक्य सांगा, मग सांगतो.

त्या हसल्या नाहीत, नुसतं पेनाचं टोपण लावलं.

जूनमधे परीक्षा दिली, एचएसके, म्हणजे परदेशी लोकांसाठीची चिनी भाषेची परीक्षा, तिसरी लेव्हल, ६०० शब्दांची, ८० प्रश्न, ३०० पैकी १८० ला पास. सेंटर हांगचौला, खछ्याओहून मेट्रोने जाता येतं. डब्यात बसल्यावर सुचलं की मी शाओशिंगहून हांगचौला चाललोय, एका टोकाला शिंग आणि दुसऱ्या टोकाला हांग, आणि दोन्ही गावांच्या नावात आपलं ते अक्षर नाहीच, शाओशिंगचा शिंग वेगळा, हांगचौचा हांग वेगळा. पेपरात बँक, सायकल आणि प्रवासी बॅग, तिन्ही शब्द ह्याच लेव्हलचे, त्यामुळे मी जय्यत तयारीत होतो. शेवटी लिहायच्या भागात वर उच्चार दिलेला असतो आणि कंसात अक्षर लिहायचं असतं, तिथे आलं भलतंच काहीतरी, मी एक रेघ कमी दिली हे बाहेर आल्यावर कळलं. आपल्या सहा रेघा कुठेच लिहायला आल्या नाहीत. महिन्याने निकाल लागला तेव्हा २२१ होते, त्यात लिखाणाचे सगळ्यात कमी.

संध्याकाळी गेटवर वॉचमन काका होते. 'यिनशिंग,' म्हणाले, 'पेपर कसा गेला?' मी म्हटलं 'हाय शिंग', चाललंय. ह्या 'हाय'चं अक्षर पण दोन उच्चारांचं आहे, दुसऱ्या उच्चारात त्याचा अर्थ पैसे परत करणं होतो, पण ते पुराण तेव्हा डोक्यात आलंच नाही, तोंडातून आपोआप गेलं. काकांनी मान हलवली आणि गेट उघडलं.